समुद्रकाठचे पाहुणे व आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अंबरनाथ येथे दिलेले भाषण)



आजच्या या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. माझे सारे आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात, नळ, पंप आणि टाक्या यांच्या सहवासात गेले. अशा मनुष्यास पर्यटन व पाहुण्यांचा निवास हा विषय का द्यावा, असा प्रश्न आपणांस पडला असेल. तो मलाही पडला होता. परंतु विचार करता असे ध्यानी आले की, हा विषय जितका हॉटेलांचा तितकाच पाण्याचा आहे, आणि जितका पाण्याचा तितकाच आपल्या घराचा आहे.

आपण येथे उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे वसलो आहो. आपले मूळ मात्र मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावर आहे. तेथे जांभ्या दगडाच्या भिंतींची व मंगलोरी कौलांची आपली घरे उभी आहेत. गौरी-गणपतीस आपण दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडतो, कुलूप काढतो, जळमटे झाडतो, देवापुढे दिवा लावतो आणि पुन्हा कुलूप घालून परत येतो. वर्षातील अकरा महिने ते घर मुके असते. अलीकडे मात्र त्या मुक्या घराकडे पुष्कळांचे लक्ष लागले आहे. कोणी दलाल येतो व गुंठ्याचा भाव विचारतो. कोणी सुचवितो की, येथे लॉज काढा, पैशाचा पाऊस पडेल. विकावे, बांधावे, की जसे आहे तसे ठेवावे, हा प्रश्न आज या सभागृहातील बहुतेक कुटुंबांपुढे आहे. त्याविषयी मला जे कळले ते, आणि माझ्या हातून जी चूक घडली तीही, आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, पाहुणे आता येतच राहणार. १९८१ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपी येथील विमानतळ उघडला. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला, त्या किल्ल्यास जाणाऱ्या होड्यांस सुटीच्या दिवसांत क्षणाची उसंत नसते. तारकर्ली, देवबाग, भोगवे ही नावे आज देशभर झाली आहेत. ही लाट आपण आणलेली नाही व आपल्याने ती थांबणारही नाही. ती आपल्या दाराशी येऊन आपणांस बाजूस सारून जाईल, की तिच्यावर आपली होडी चालेल, एवढाच काय तो आपल्या हातातील प्रश्न आहे.

परक्या गावी अंग टेकावयास जागा मिळणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांस कोणी शिकवावयास नको. आपले आजे-पणजे मुंबईस आले तेव्हा गावकीच्या खोलीत राहिले. एका खोलीत वीस-वीस माणसे, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी व एक वळकटी; दिवसपाळीच्या माणसाने उठावे व रातपाळीच्या माणसाने त्याच जागी पाठ टेकावी. जेवावयास खानावळ. त्या खोलीसही नियम होते. पाणी किती वापरावे, झाडलोट कोणी करावी, नव्या माणसास घ्यावे की नाही, हे सारे बसून ठरत असे. ती खोली चालली ती त्या नियमांमुळेच. खोलीत माणसे किती मावतात याचा हिशेब ज्यांनी मोरीत पाणी किती येते यावरून केला, त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांस नियोजनाचे मर्म आपल्याहून अधिक कळले होते, असे मला वाटते.

ते मर्म विसरल्यास काय होते, हे पाहावयास दूर जावयास नको. ज्या तीन शहरांत आपण राहतो, ती शहरेच आपले पाठ्यपुस्तक आहेत. उल्हासनगर हा दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तेथील बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. घरदार सोडून आलेल्या माणसांनी तेथे कष्टाने जे उद्योग उभे केले त्यांस तोड नाही. परंतु घरे आधी व आराखडा मागाहून असा क्रम पडला. अखेर अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी केवळ त्या एका शहरापुरता २००६ साली राज्याला कायदा करावा लागला. आपल्या अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेख तेथे आहे. शिलाहारांच्या काळी ज्यांनी ते मंदिर उभारले, त्यांनी वालधुनीचे वाहते पाणी पाहूनच ती जागा निवडली असेल. आज त्या नदीत हात धुण्याची इच्छा कोणास होईल काय? कारखाने आले, वस्ती आली, सांडपाण्याची सोय मात्र मागे राहिली. नदीचे गटार झाले.

बदलापूरची गोष्ट तर ताजी आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीस पूर आला आणि बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली. हजाराहून अधिक प्रवासी कित्येक तास अडकून पडले. नौदल आले, राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल आले, आणि त्यांच्या जोडीने आसपासच्या गावांतील माणसेही धावली. सर्वजण सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी आपल्या भागाने न बोलावलेल्या पाहुण्यांचे आदरातिथ्य केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पाणी आपला मार्ग विसरत नाही, हा त्या दिवसाचा दुसरा धडाही आपण घेतला पाहिजे.

आता माझ्या चुकीकडे येतो. आमचे घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. माझे चुलतभाऊ व वहिनी तेथे राहतात. चार खोल्या रिकाम्या होत्या. त्या नीट करून आम्ही पाहुण्यांस देऊ लागलो. वहिनींच्या हातची न्याहरी, सोलकढी व ताजे मासे यांची कीर्ति पसरली. दोन वर्षांत हातात चार पैसे आले. तेव्हा मला मोह झाला. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून मी मागील बाजूस आणखी चार खोल्या बांधविल्या व विहिरीवर मोठा पंप बसविला. आठ खोल्या झाल्या. एप्रिल-मे महिन्यांत एकही खोली रिकामी राहीना. मी येथे बदलापुरात बसून बेरजा करीत होतो.

त्या मे महिन्याच्या मध्यास मी गावी गेलो. शेजारची काकी, वयाने ऐंशीच्या पुढची, आमच्या अंगणात आली. तिने तांब्या माझ्यापुढे धरला आणि इतकेच म्हणाली, “झिला, बावीचा पाणी खारट लागता.” मी ते पाणी तोंडात घेतले. ते खारट होते. माझ्या आजोबांच्या लहानपणापासून ज्या विहिरीने वाडीस गोडे पाणी पाजले, ती विहीर माझ्या पंपाने बिघडविली होती.

बंधुभगिनींनो, ज्या मनुष्याने शहरात पस्तीस वर्षे पाणी मोजले, तो आपल्या गावी ते मोजावयास विसरला. हिशेब मुळीच अवघड नव्हता. ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी पुरवावे, असे जलजीवन मिशनचे माप आहे. हॉटेलात मात्र दर खाटेमागे दररोज १८० लिटर पाणी धरावे, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे एक पाहुणा तीन गावकऱ्यांहून अधिक पाणी घेतो. आठ खोल्यांत सोळा पाहुणे. त्यांस दररोज २,८८० लिटर. आमच्या वाडीत माणसे सुमारे पन्नास. त्यांस दररोज २,७५० लिटर. सारी वाडी जितके पाणी पिते, त्याहून अधिक पाणी मी एका छपराखाली ओतीत होतो, आणि तेही वर्षातील अगदी कोरड्या महिन्यांत.

समुद्रकाठच्या विहिरीचा स्वभाव निराळा असतो. तेथे जमिनीच्या पोटात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके आहे. शास्त्र असे सांगते की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर तिच्या भाराने खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत खारे पाणी दूर राहते. याचा उलट अर्थ भयंकर आहे. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरविली, की खालून खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. एकदा ते आत शिरले, की त्यास मागे हटविणे एका पावसाळ्याचे काम राहत नाही. सांडपाण्याचेही तसेच. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट दूर असावा, असे मानक आहे. आपल्या जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने झिरपते, म्हणून तेथे त्याहूनही अधिक सावधपणा हवा.

आम्ही काय केले तेही सांगतो. मोठा पंप काढला. एप्रिल व मे महिन्यांत मागील चार खोल्या बंद ठेवतो. छपरावरचे पाणी गाळून विहिरीत सोडतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; हजार चौरस फुटांच्या छपरावर त्याचे दोन लाख लिटरांहून अधिक पाणी मिळते. वीस हजार लिटरांची टाकीही बांधली. परंतु आठही खोल्या भरल्या तर ती टाकी पुरती सात दिवसही पुरत नाही, हे ध्यानी ठेवावे. टाकी हा उपाय आहे, क्षमा नव्हे. दोन पावसाळ्यांनंतर पाण्याची चव सुधारली. मात्र पूर्वीची गोडी आली आहे, असे काकी अद्याप म्हणत नाही.

या अनुभवावरून मी एक नियम काढला आहे व तोच आजच्या भाषणाचा सारांश आहे. आपल्या गावी पाहुणे किती घ्यावे, हे मागणीने ठरू नये, बँकेच्या कर्जाने ठरू नये, शेजाऱ्याच्या ईर्षेने तर नाहीच नाही. ते मे महिन्यातील आपल्या विहिरीने ठरवावे. आधी वाडीचे पाणी वजा करावे. उरेल त्यावर खोल्या मोजाव्या.

आता कायद्याविषयी दोन शब्द. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली, दुसरी २०११ साली व सध्याची १८ जानेवारी २०१९ रोजी. ज्या ग्रामीण किनाऱ्यावर २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरास २,१६१ हून कमी वस्ती आहे, तेथे भरतीरेषेपासून २०० मीटरांपर्यंतचा पट्टा नव्या बांधकामास निषिद्ध मानला आहे. परंतु त्याच अधिसूचनेने स्थानिक लोकांस, मच्छीमारांसह, आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवण्याची मुभा दिली आहे. अट इतकीच की घराचे जोते, रचना व दर्शनी रूप बदलू नये. याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. परक्या धनिकास जे तेथे नव्याने उभारता येत नाही, ते आपल्या पूर्वजांनी उभारून ठेविले आहे. जुने घर हेच आपले भांडवल. ते पाडून काँक्रीटचा डबा उभारणारा मनुष्य स्वतःच्या हाताने हे भांडवल बुडवितो.

शासनाच्या योजनाही याच दिशेने आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ सालची; त्याने न्याहरी व निवास योजना चालविली. केंद्र शासनाच्या तशाच योजनेत एका घरात एक ते सहा खोल्यांपर्यंत मर्यादा आहे व घरमालकाचे कुटुंब तेथे राहत असले पाहिजे, अशी अट आहे. ही अट मला फार मोलाची वाटते. ज्या घरात चूल पेटत नाही ते घर नव्हे. तेथे पाहुणा नसतो, केवळ गिऱ्हाईक असते. गावी राहणारे भाऊ, वहिनी, आक्का यांनी कष्ट करावे आणि शहरातील भावाने हिशेब मागावा, हा न्याय नव्हे. पहाटे उठून घावणे कोण घालते, चादरी कोण धुते, रात्री अकरा वाजता आलेल्या पाहुण्यास दार कोण उघडते, याचा मोबदला आधी काढून ठेवावा व मग वाटण्या कराव्या.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाचे उदाहरण पाहावे. नाना फडणीसांचे हे मूळ गाव. तेथील किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने २००२ च्या सुमारास त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. पुढे पिले समुद्रात जाताना पाहावयास लोक येऊ लागले आणि त्यांची सोय गावाने आपल्याच घरांत केली. कोठेही उंच हॉटेल उभे न करता पाहुणा सामावला; कारण गावाने आधी कासव राखले व मग पाहुणा बोलाविला. ज्या वस्तूसाठी पाहुणा येतो ती वस्तु राखणे, हाच या धंद्याचा पाया आहे. आपल्याकडे ती वस्तु म्हणजे स्वच्छ समुद्र, माडांची सावली व रापण ओढणाऱ्या माणसाचे हसतमुख. पुळणीवर खुर्च्या मांडल्या म्हणून रापणीस जागा उरली नाही, असे होता कामा नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो; ज्ञातीच्या व्यासपीठावरून ती बोलणे अगत्याचे आहे. आपल्यापैकी कोणी मला खाजगीत विचारतात की, घर पाहुण्यांस द्यावे हे खरे, पण कोणत्या जातीचा पाहुणा येईल ते कसे कळावे? माझे उत्तर असे की, ते विचारूच नये. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने हॉटेल, उपाहारगृह, विहीर व तळे यांच्या वापरात धर्म, जात वा वंश यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले आहे. १९२७ साली याच कोकणात, महाडच्या चवदार तळ्यावर, पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता, हे आपण विसरू नये. आपली ज्ञाति आपणांस एकमेकांच्या साह्यासाठी आहे, दार लावून घेण्यासाठी नाही. ओळखपत्र पाहावे, नोंदवहीत नाव लिहावे, परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत सरकारी कचेरीस कळवावे. त्यापलीकडे ओटीवर आलेला तो पाहुणा, इतके पुरे.

विक्रीविषयीही बोललेच पाहिजे. पुष्कळ घरांच्या सातबाऱ्यावर पाच-पन्नास नावे आहेत. कांही तर स्वर्गवासी झालेल्यांची. अशा सामाईक जमिनीत एखाद्या भावाची अडचण हेरून दलाल आत शिरतो व मग कज्जा सुरू होतो. अडचणीतील भावास मी दोष देत नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, मुलाचे शिक्षण या गोष्टी थांबत नाहीत. परंतु त्याने विकण्यापूर्वी भावकीस विचारावे, आणि भावकीने विचारल्यावर हात वर करू नयेत. भावाची नड भागविण्याची आपली तयारी नसेल, तर जमीन गेल्यावर रडण्याचा हक्कही आपणांस नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार नम्र सूचना आहेत. एक : प्रत्येक सभासद कुटुंबाने येत्या मे महिन्यात आपल्या विहिरीची पातळी व पाण्याची चव सतत आठ दिवस नोंदवून मंडळास कळवावी. दोन : वारस-नोंदी पूर्ण करण्यासाठी ज्ञातीतील वकील व निवृत्त महसुली कर्मचारी यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. तीन : एका वाडीतील घरांनी एकमेकांशी स्पर्धा न करता दर, पाहुण्यांची संख्या व कचऱ्याची व्यवस्था एकत्र बसून ठरवावी. चार : जून २०२० मधील निसर्ग व मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांनी कोकणाची जी दैना केली ती स्मरून, एक हंगाम बुडाला तरी घर चालेल इतकी शिल्लक ठेवल्यावाचून कोणी कर्ज काढू नये.

या सूचना लहान आहेत. त्यांत कोणास एका रात्रीत श्रीमंत करण्याचे सामर्थ्य नाही. परंतु आपल्या नातवंडांनी गौरी-गणपतीस गावी जावे, आपल्याच घराचे कुलूप उघडावे, आणि विहिरीचे पाणी ओंजळीत घेऊन ते गोड आहे असे म्हणावे, इतके त्यांतून साधेल असा माझा विश्वास आहे. जे घर स्वतःच्या मुलांस पाणी देऊ शकते, तेच पाहुण्यास पाणी देऊ शकते.

 आपल्या हातून हे कार्य घडो व त्यासाठी परमेश्वर आपणांस सुबुद्धि देवो, इतकी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.